आमचे साडभाऊ आणि न खोडता येणारं नाव

सरकारने आमच्या जंगलात जेवढी म्हणून नवी यंत्रं पाठवली, त्या प्रत्येक यंत्रावर पहिला जीव आमच्या साडभाऊंनी टाकला; आणि त्यांतल्या एकाही यंत्राने त्यांच्या प्रेमाला धड साथ दिली नाही. दुसरा एखादा माणूस एव्हाना यंत्राच्या जातीवरच चिडला असता. साडभाऊ नाही. एक यंत्र बिघडून कपाटावर जाऊन बसलं की ते पुढच्या यंत्राची वाट अशा उत्साहाने पाहायला लागत, की नव्या सुनेची वाट पाहणाऱ्या सासऱ्यानेही लाजावं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला गडचिरोलीत, आणि नोकरीला तिथून आणखी आत, रस्त्यापेक्षा सागाची सावली रुंद असलेल्या एका तालुक्याच्या गावी. तिथल्या सरकारी कचेरीत ते अव्वल कारकून होते. मी मूल या गावी बसस्टँडच्या मागे फोटो स्टुडिओ चालवतो. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला 'फोटोवाले' म्हणतात आणि रागावले की 'फोटोवाले लेका'. अंगाने किडकिडीत, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेन ड्राइव्ह. लांबून पाहणाऱ्याला तो ताईत वाटे. त्यात काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बॅकअप हाय." कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या कचेरीत अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हाची गोष्ट. यंत्र शहरातल्या अंगठ्यांवर शिकून आलेलं. आमच्याकडच्या बायांची बोटं धानाच्या रोवणीच्या चिखलात, तेंदूपत्त्यात, बांबूच्या कामट्यांत आयुष्यभर घासलेली. यंत्राला त्या बोटांवर रेघच सापडेना. म्हाताऱ्या बाया चार-चार कोस चालून येत, यंत्र लाल दिवा दाखवी आणि त्या परत जात. बाकीच्यांनी हात टेकले. साडभाऊंनी मात्र शोध लावला की हात गरम केला तर रेघ वर येते. मग काय, टेबलाच्या पलीकडे एकेक म्हातारी बसलेली आणि अलीकडे हा माणूस तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळतोय, सोबत धान किती झालं, लेकीकडे गेली होतीस का, अशा गप्पा. थोड्या वेळाने यंत्र हिरवं होई. एकदा एका आजीबाईंनी सगळ्या कचेरीसमोर जाहीर केलं, "एवढा वेळ तं माह्या नवऱ्यानंबी माह्या हात धरला नाई बाप्पा!" साडभाऊ कानांपर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून शिपायाला त्यांनी शेजारी उभं करून ठेवलं, साक्षीला.

मग ड्रोन आला, जमीन मोजायला. तो उडवायचं प्रशिक्षण घेऊन साडभाऊ परतले ते मान वर करूनच. पहिल्या उड्डाणाला अख्खं गाव धानाच्या बांध्यांवर जमलेलं. ड्रोन उठला, घोंघावत आंब्याच्या वर गेला, आणि तिथे एका घारीचं घरटं होतं. घारीने मोजणीला हरकत घेतली. पुढच्या क्षणी सरकारी ड्रोन गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, आणि त्याच्या मागोमाग साडभाऊ, इस्त्रीच्या पँटसकट. कमरेएवढ्या पाण्यातून ड्रोन छातीशी धरून ते बाहेर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरी मजा पुढेच. त्यांनी वर अहवाल धाडला तो असा: "पक्षीय हस्तक्षेपामुळे मोजणीचे काम थांबवावे लागले." आठवडाभराने वरच्या कचेरीतून गोपनीय विचारणा आली, की हस्तक्षेप कोणत्या पक्षाने केला आणि त्या पक्षाच्या पदाधिकाऱ्यांची नावं काय. साडभाऊंनी उत्तर दिलं, "पक्ष घारीचा. पदाधिकारी घरट्यात."

क्यूआर कोडचं वेड तर त्यांनी घरातच आणलं. बाईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन चिकटवला. मोबाईल धरला की डब्यात काय आहे आणि कधी भरलं ते दिसायचं. बाई शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी त्या लोणच्याची बरणी घेऊन माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा. बरणी काचेची हाय. आत लोणचं हाय का नाई हे पाहाले मले डोळे दिले ना देवानं?" साडभाऊ आतून ओरडले, "डोळे धोका देते!"

या सगळ्यांत त्यांचा एक मोठा गुण सांगायचा राहिला. साडभाऊ कधी चुकत नसत. म्हणजे चुका होत, भरपूर होत, पण त्या त्यांच्याकडून होत नसत. मूलला एका लग्नाला आले होते. दोन मंगल कार्यालयं भिंतीला भिंत लावून. साडभाऊ भलत्याच लग्नात शिरले, अक्षता टाकल्या, वरबापाला मिठी मारली, पंगतीत बसून जेवले, वर नवरीच्या मामाला 'वाढा-वाढा' म्हणून आग्रह करायला लावलं. आम्ही शोधून शोधून थकलो, तेव्हा ते बडीशेप चघळत शेजारच्या फाटकातून बाहेर आले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही चुकीच्या लग्नात जेवलात!" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चुकलो नाई मी. त्या लग्नात माणसं कमी होती."

अशा माणसाला सरकारने ब्लॉकचेन शिकायला नागपूरला पाठवलं.

परत आले ते वेगळेच होऊन. चेहऱ्यावर दीक्षा घेतल्यासारखी शांती. जिल्ह्यात आता जातीचे दाखले या नव्या पद्धतीने, म्हणजे नोंदींच्या साखळीवर, द्यायचे होते, आणि पहिला मान त्यांच्या तालुक्याचा होता. दाखला एकदा नोंदवला की त्याची नक्कल एकाच वेळी कितीतरी संगणकांवर जाऊन बसणार. कोणी एक प्रत बदलली तर बाकीच्या प्रती ओरडून उठणार. खोटे दाखले बंद, खेटे बंद. मला हे काही केल्या समजेना. तेव्हा साडभाऊंनी जेवताना समजावलं.

"पाह्य फोटोवाले. पंगत बसली हाय. तुह्या पानात दोन जिलब्या वाढल्या. तू उद्या म्हणशीन का मले एकच भेटली. बराबर?"

"मी कशाला म्हणेन?"

"तू म्हणशीन. पण अख्ख्या पंगतीनं पाह्यलं हाय, दोन वाढल्या. आन् पंगतीतल्या एकेकानं ते आपल्या डोक्यात पक्कं करून ठेवलं हाय. आता तू एकाचं डोकं फिरवशीन, दोघांचं फिरवशीन. पंगतीचं कसं फिरवशीन?"

"आणि वाढणारा चुकला असेल तर?"

साडभाऊंनी घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "वाढणारा कायले चुकते?" म्हणाले, आणि वरण मागितलं.

त्यांचा उत्साह असा, की नातेवाइकांचीही त्यांनी साखळी केली. मोबाईलवर एक गट. त्यात कोणी काही सांगितलं की बाकी सगळ्यांनी तेच जसंच्या तसं पुन्हा लिहायचं, म्हणजे पुढे कोणी शब्द फिरवायला नको. बाई या गटात कधी काही लिहीत नसत. एके दिवशी साडभाऊ आनंदाच्या भरात बोलून गेले की आजपासून खर्रा बंद. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा हा घोटलेला खर्रा सोडण्याची घोषणा दर माणूस दर महिन्याला करतो. ती कोणी मनावर घेत नाही. बाईंनी मात्र घेतली. त्यांनी गटात आयुष्यातलं पहिलं वाक्य लिहिलं: "यांनी खर्रा सोडला." खाली चंद्रपूरच्या आत्याबाईंपासून नागपूरच्या भाचेजावयापर्यंत सगळ्यांनी तेच लिहिलं. त्यानंतर साडभाऊ पानठेल्याकडे नुसते वळले तरी कुठूनतरी फोन यायचा. "मी माह्याच जाळ्यात सापडलो लेका," ते मला हळूच म्हणाले. मी तोवर त्यांच्या तोंडून ऐकलेला हा सर्वांत मोठा कबुलीजबाब.

पहिल्या दाखल्याच्या समारंभाला मला फोटो काढायला बोलावलं होतं. कचेरीला झेंडूच्या माळा, मंडप, साहेब. साहेब तरुण, पुण्याकडचे, स्वभावाने चांगले. फक्त घड्याळ फार पाहायचे. पहिला दाखला मिळणार होता जंगलातल्या एका पाड्यावरच्या मुलीला. सोमारी मडावी तिचं नाव. सोमवारी जन्मली म्हणून सोमारी. बारावी चांगल्या मार्कांनी झालेली, गडचिरोलीला नर्सिंगला जायचं ठरवलेली. सोबत वडील पोचूभाऊ, नवा पांढरा टॉवेल खांद्यावर, सगळ्यांकडे बघून हसणारे.

साडभाऊंनी सर्वांसमोर संगणकावर नाव टाईप केलं. इंग्रजी अक्षरं दाबायची, पडद्यावर मराठी उमटायचं. शब्द अर्धा झाला की संगणक पुढचा स्वतःच सुचवायचा. त्यांनी शेवटचं बटण असं दाबलं, जणू धरणाचं दार उघडतायत. टाळ्या झाल्या. साहेबांनी दाखला मुलीच्या हाती दिला, मी फोटो काढला, आणि मुलगी तो कागद वाचून साडभाऊंच्या बाहीला हात लावून म्हणाली, "साहेब, यात माह्यं नाव..."

"आता हे नाव," साडभाऊ माईकवर, दोन्ही हात पसरून, "जगातली कोणतीच ताकद बदलवू शकत नाई!"

पुन्हा टाळ्या. मुलगी दोन-तीनदा तोंड उघडून गप्प बसली. साडभाऊंनी तिला पेढा दिला.

पुढच्या आठवड्यात मी काढलेले फोटो द्यायला म्हणून मोटारसायकलवर तिकडे गेलो, तर कचेरीच्या पडवीत सोमारी आणि पोचूभाऊ बसलेले. नर्सिंगच्या कॉलेजात तिचे कागद तपासले होते. मार्कशीटवर नाव सोमारी पोचू मडावी. दाखल्यावर सोमवार पोचू मडावी. संगणकाने सुचवलेला शब्द साडभाऊंनी समारंभाच्या घाईत तसाच मान्य केला होता. कॉलेजवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: नाव जुळवून आणा, प्रवेश शुक्रवारी बंद होतो. आज बुधवार होता.

साडभाऊंनी दाखला हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग सुरू झाला त्यांचा बचाव, आणि तो मी जन्मभर विसरणार नाही.

"सोमवार," ते चव घेतल्यासारखं म्हणाले. "वाईट नाव नाई हो बाई. महादेवाचा वार हाय."

"पण माह्यं नाव नाई ना साहेब ते."

"मार्कशीट बदलता येते का पाहू आपण. ती जुन्या पद्धतीची हाय."

"आन् दवाखान्यात मले कोणी हाक मारन, 'ए सोमवार', तं लोकं म्हणतीन आज तं बुधवार हाय!" सोमारी हे हसू दाबून बोलली, पण डोळ्यांत पाणी होतं. पोचूभाऊंनी तिला गोंडीत काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं आणि ते खांद्यावरचा टॉवेल उगाच घडी करू लागले.

तो टॉवेल साडभाऊंना सहन झाला नाही असं मला वाटतं. ते उठले, आत गेले आणि पुण्याच्या ज्या कंपनीने ही व्यवस्था बसवली होती तिला फोन लावला. फोनवरच्या मुलाने मोठ्या आदराने सांगितलं की सर, जुनी नोंद खोडता येणार नाही, तेच तर या पद्धतीचं वैशिष्ट्य आहे. पण नवी नोंद जोडता येईल. फक्त कारण द्यावं लागेल. पडद्यावर कारणांचे तीनच पर्याय होते: अर्जदाराने चुकीची माहिती दिली, कागदपत्रे बनावट, न्यायालयाचा आदेश. चौथा नव्हता. व्यवस्था बनवणाऱ्यांनी कल्पनाच केली नव्हती, की चूक टेबलाच्या अलीकडच्या बाजूलाही होऊ शकते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अहो, मग पहिला पर्याय टाका ना. अर्जदाराची चूक. दोन मिनिटांचं काम आहे. मुलीचा प्रवेश होऊन जाईल."

सोमारीलाही ते पटलं. "हो साहेब, टाका ना. माह्यी चूक म्हणून टाका. मले काई नाई वाटत."

साडभाऊ खुर्चीत बसले. बोट बटणावर. मी त्यांच्या मागेच उभा होतो. आयुष्यभर स्वतःची चूक दुसऱ्याच्या पदरात घालणारा हा माणूस. इथे तर समोरचा स्वतः पदर पसरून उभा. मला वाटलं, झालं काम, आता चहा प्यावा. पण बोट खाली येईना. मग साडभाऊंनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"नाई," ते म्हणाले.

"का?" साहेब.

"सर, हे खोडता येत नाई. उद्या पोरगी नोकरीले जाईन. तिचा दाखला कोणी तपासला का निंगन, अर्जदारानं चुकीची माहिती दिली. परवा परीक्षेले बसन, तवाबी निंगन. म्हातारी होईन तवाबी निंगन. हिनं काय चुकीची माहिती दिली सर? हिनं आपलं नाव सांगतलं." एवढं बोलून ते थांबले, आणि पुढचं वाक्य त्यांनी असं उच्चारलं की जणू घशात माशाचा काटा अडकलाय. "चूक माह्यी हाय."

शिपायाने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. मी साडभाऊंना इतकी वर्षं ओळखतो, पण हे तीन शब्द त्यांच्या तोंडून ओळीने बाहेर पडताना मी प्रथमच ऐकले.

"पण तसा पर्यायच नाही ना त्यात," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"मंग तो करा म्हणून सांगतो त्यायले."

आणि नेमकी तेव्हा रेंज गेली. आमच्याकडे रेंज ही पाहुण्यासारखी येते. चहा ठेवेपर्यंत निघून जाते. ती हमखास सापडायची जागा म्हणजे गावाबाहेर, जंगलाच्या वळणावर, एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली. तिथे नेहमी चार-दोन माणसं कानाला फोन लावून उभी असत. त्या दिवशी मात्र कोणी नव्हतं. का नव्हतं ते आम्ही मोटारसायकल लावल्यावर कळलं. वनखात्याने झाडाला नवीन पाटी ठोकली होती: या भागात वाघाचा वावर आहे, थांबू नये.

"भाऊ," मी म्हटलं, "चला परत."

"उद्या गुरुवार हाय," म्हणून त्यांनी फोन लावला.

पुढचा अर्धा-पाऊण तास मी झाडाला पाठ टेकून, चारी बाजूंना डोळे फिरवत उभा होतो, आणि साडभाऊ खणखणीत आवाजात पुण्याकडल्या त्या मुलाला चौथा पर्याय मागत होते. मुलगा म्हणाला, विनंती नोंदवतो, पंधरा दिवस लागतील. साडभाऊ म्हणाले, पंधरा दिवस नाहीत. मुलगा म्हणाला, सर, तातडीचं काय कारण लिहू?

"लिहा, वाघ हाय."

"सर?"

"मी वाघाच्या जागेत उभा राहून बोलून राह्यलो. पाटी हाय इथी. तुमी जोपर्यंत हो म्हणत नाई, तोपर्यंत मी हलत नाई."

"सर, वाघ म्हणजे... कोणत्या मॉड्यूलमध्ये?"

"मॉड्यूल नाई रे बाबू! वाघ म्हणजे वाघ! पट्ट्यावाला!"

त्याच वेळी मागच्या बांबूत काहीतरी खसफसलं. रानकोंबडी असावी. पण माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती थेट पुण्यापर्यंत गेली. पलीकडे धावपळ ऐकू आली. मुलाने कोणा वरिष्ठाला बोलावलं, त्या वरिष्ठांनी आणखी कोणाला. शेवटी एका अधिकारी बाईंचा आवाज आला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मुलीचं नाव दोनदा विचारलं, आणि म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत करून देते. पण तुम्ही कृपा करून तिथून निघा हो." साडभाऊंनी फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "ओरडला चांगला." त्या माणसाकडून मिळालेलं हे माझं एकमेव प्रशस्तिपत्र.

गुरुवारी दुपारी पडद्यावर चौथी ओळ आली: नोंद करणाऱ्याची चूक. ती निवडली की खाली नोंद करणाऱ्याचं पूर्ण नाव, हुद्दा आणि अंगठा. साडभाऊंनी या वेळी नाव एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत टाईप केलं, सोमारीला तीन वेळा वाचायला लावलं, पोचूभाऊंनाही ऐकवलं. मग स्वतःचं नाव टाकलं आणि अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. त्यांचा हात थंडगार पडला होता. तेव्हा पोचूभाऊ पुढे झाले, त्यांनी साडभाऊंचा हात आपल्या राठ तळव्यांत धरला आणि चोळायला सुरुवात केली. कोणी हसलं नाही. यंत्र हिरवं झालं.

नवा दाखला छापून आला. सोमारीने तो वाचला, मागचं सगळं वाचलं, आणि म्हणाली, "साहेब, आता माह्या दाखल्यामागं तुमचंबी नाव राहीन. जन्मभर."

"राहीन ना," साडभाऊ म्हणाले. "चांगली नर्स हो. नाईतर लोकं म्हणतीन, चुकी करणाऱ्याचं माणूस हाय." शुक्रवारी तिचा प्रवेश झाला. फोन आला तेव्हा साडभाऊ जेवत होते. पूर्ण ऐकूनही न घेता त्यांनी फोन बाईंच्या हातात दिला आणि नुसताच भात कालवत बसले.

त्या चौथ्या ओळीने पुढे बरेच घोळ केले. एकदा असा पर्याय आहे म्हटल्यावर लोक येऊन विचारू लागले, की साहेब, माझ्याही दाखल्यात ती चौथी ओळ लागते का पाहा. दुसऱ्या तालुक्यांतले कारकून साडभाऊंवर भडकले. एकाने फोन करून सुनावलं, "तुमाले कोणी सांगतलं होतं खरं बोलाले?" साडभाऊ म्हणाले, "कोणी नाई सांगतलं. यंत्रात जागा नव्हती म्हणून विचार करा लागला." पण चुकत नसण्याचा गुण त्यानंतरही त्यांनी सोडला नाही. घरी दूध उतू गेलं तर दूध जास्त होतं, असंच ते म्हणत.

दरम्यान साहेब बदलून गेले. कंपनीचा करार संपला. नवं पोर्टल आलं. त्याचं नाव वेगळं, रंग वेगळा, आणि साखळीचं त्यात कोणी नाव काढेना. नवे साहेब म्हणाले, आता दुसरंच तंत्र येतंय, ते तर स्वतःच विचार करतं. साडभाऊ ऐकून घेत. पूर्वीसारखे पुढे होऊन पहिलं बोट लावत नसत. मी एकदा विचारलं, "भाऊ, ती साखळी आता आहे कुठे?"

"हाय ना," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कुठीतरी हाय."

यंदा उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. फोटो काढायला मीच गेलो होतो. आदल्या रात्री त्यांच्याच घरी उतरलो होतो; सकाळी दोघेही गडचिरोलीहून एकाच बसने आलो. निरोपाचं भाषण करा म्हटलं तर उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, "बरं हाय मंग," एवढंच म्हणून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी एकेक जण निघून गेला, शिपायाने दारं लावली, आणि आम्ही दोघे कचेरीच्या पायरीवर बसलो. त्यांच्या मांडीवर नारळ आणि शाल. समोरच्या वडाखाली बस येऊन उभी राहिली. कंडक्टर रोजच्या ओळखीचा, त्याने दारातून हाक मारली, "बाबूजी, चला!"

साडभाऊंनी हात हलवला. जा म्हणून. बस थोडी थांबली, मग धूळ उडवत वळणापलीकडे गेली. पुढची यायला बराच वेळ होता आणि बाई स्वयंपाक करून वाट पाहत असणार.

"बसू थोडं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "हवा चांगली सुटली हाय."

वडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "हो भाऊ. चांगली सुटली आहे."